काळ्या मसाल्याला शिराझची साथ

घोटी : मुंबई-आग्रा महामार्गावरील घोटीची ओळख भाताची बाजारपेठ अशी आहे. पावसाळ्यात तुडुंब भरलेली खाचरे आणि पुढे भात गिरण्यांची घरघर, हेच येथील परिचित चित्र. मात्र इगतपुरी तालुक्याच्या याच पट्ट्यात, कावनई आणि सांजेगावच्या शिवारात, वाइनरीही उभ्या राहिल्या. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारे पर्यटक रेड वाइनची बाटली हौसेने घेऊन जातात. घरी पोहोचल्यावर मात्र ती कशासोबत घ्यायची, असा प्रश्न पडतो. चीज, पास्ता आणि स्टेकच्या शिफारशी मराठी घराच्या फारशा उपयोगाच्या नसतात.

या प्रश्नाचे उत्तर काही अंशी बागेतच दडलेले आहे. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात निद्रिस्त होते आणि फळ उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते. उष्ण कटिबंधातील नाशिकमध्ये वेलीला अशी झोप नाही. त्यामुळे येथे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार केली जाते आणि पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी होते. पावसात घड धरला तर डाऊनी आणि करपा तो हाती लागू देत नाहीत. म्हणून येथील द्राक्ष थंडीच्या रात्रींत वाढते आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येते.

खरी कसोटी फेब्रुवारीत लागते. दिवस तापू लागले की द्राक्षातील साखर झपाट्याने चढते, आम्लता तितक्याच वेगाने उतरते. सालीतील टॅनिन मात्र मागे राहू शकते. घाईने तोडले तर वाइन तुरट व कच्ची, थांबले तर जड व अल्कोहोलने तापट. त्यामुळे येथील शिराझ वा कॅबरने सोव्हिन्याँ बहुधा पिकल्या फळाच्या चवीची, सौम्य आम्लतेची आणि १३ ते १४ टक्के अल्कोहोलची असते.

नेमके हेच अल्कोहोल झणझणीत जेवणाशी भांडते. मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरील ज्या संवेदकांना चेतवते, त्यांनाच अल्कोहोलही उत्तेजित करते; आग दुप्पट वाटते. तर्रीदार मिसळीसोबत रेड वाइन घेणाऱ्याला त्याचा प्रत्यय येईल. तेथे ताकच बरे.

मटणाची गोष्ट वेगळी. भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि खडा मसाला यांवर उभा असलेला काळा रस्सा मुळात खमंग असतो, त्याला जाळ हवाच असे नाही. मटणातील प्रथिने आणि चरबी टॅनिनचा तुरटपणा मवाळ करतात. शिराझला मिरीचा गंध देणारा रोटंडोन हा घटक प्रत्यक्ष काळ्या मिरीतही असतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. तेव्हा मिरची निम्मी करावी, मसाला नव्हे. शाकाहारी ताटात चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि भाकरी ही जोडी उत्तम. धुराचा वास व शेंगदाण्याचा स्निग्धपणा वाइनला पेलतो. माशासोबत मात्र रेड वाइन अनेकदा धातूसारखी लागते. तेथे शेनिन ब्लाँ घ्यावी.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा संकेत थंड देशांतील घरांचा आहे. १६ ते १८ अंश हे तिचे योग्य तापमान. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोली ३० अंशांच्या पुढे असते आणि मग चांगली वाइनही नुसती अल्कोहोलचा भपका देते. वाढण्यापूर्वी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी.

हा केवळ खवय्यांचा विषय नाही. खाण्याच्या द्राक्षाला एक व्यापारी नाही तर दुसरा मिळतो, अगदीच पडले तर बेदाणा करता येतो. जाड सालीच्या, बियांच्या वाइन द्राक्षाला वाइनरीखेरीज गिऱ्हाईक जवळपास नाही. २००८-०९ च्या मंदीत वाइनरींनी हात आखडता घेतला, तेव्हा जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. सहलीत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर अशा बागांचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी बाटली घरच्या जेवणात यावी लागते.

ती एका बैठकीत संपवण्याचीही गरज नाही. उरलेल्या वाइनला घट्ट बूच लावून फ्रीजमध्ये ठेवल्यास ती दोन-तीन दिवस चांगली राहते. त्यानंतर आंबूस वास येऊ लागला, तर मटण मुरवण्यासाठी वापरावी.