मधल्या गावांची रेल्वे

तिलवारा घाटाशी नर्मदा ओलांडली की जबलपूर मागे पडते आणि नागपूरचा रस्ता सुरू होतो. गांधीजींच्या अस्थी इथे नर्मदेत सोडल्या गेल्या. सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखालचे १९३९ चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन याच परिसरात भरले. विदर्भात नातीगोती असलेल्या जबलपूरकर मराठी घरांना हा पूल आणखी एका कारणाने ओळखीचा आहे: नागपूर-भंडाऱ्याकडे जाणारी बस किंवा मोटार इथूनच जाते. रेल्वेची वाट मात्र तिलवाऱ्यावरून जात नाही. ती नदीच्या वरच्या अंगाला, ग्वारीघाट आणि जमतरा यांच्यामध्ये नर्मदा ओलांडते. तिथून रस्ता आणि रूळ एकमेकांपासून दूर होत जातात. रस्ता सिवनीवरून जवळजवळ सरळ नागपूर गाठतो. रूळ बरगी, घंसौर, नैनपूर, लामटा, बालाघाट अशी गावे घेत गोंदियाला उतरतात. नकाशावर बघणाऱ्याला हा द्राविडी प्राणायाम वाटेल. पण या वळणांतच या मार्गाचे प्रयोजन आहे. ही रेल्वे मधल्या गावांसाठी निघाली, आणि तिची आजची सेवाही त्याच मापाने मोजली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली होती. १८७० च्या मार्चमध्ये मुंबई आणि कोलकात्याचे रूळ जबलपूरला जोडले गेले. म्हणजे सातपुड्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला आगगाडी धावू लागली, तरी मधला मंडला, सिवनी, बालाघाटचा डोंगराळ पट्टा त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे बैलगाडीवरच राहिला. या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांताने सोसले. ज्या तालुक्यात धान्य पोचवायलाच बैल लागतात, आणि बैलच चाऱ्यावाचून मरतात, तिथे रेल्वे नसणे म्हणजे काय, हे या दोन दुष्काळांनी दाखवून दिले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगॉल नागपूर रेल्वेने, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या बीएनआरने, १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूर, नैनपूरहून छिंदवाडा आणि नैनपूरहून जबलपूर असे फाटे उघडले. पुढे मंडला फोर्टचा फाटा आला. चारही दिशांना लाइन फुटलेले नैनपूर नॅरो गेजचे मोठे जंक्शन झाले आणि रेल्वेच्या नोकऱ्यांवर ते गाव वाढले.

रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, साधारण अडीच फूट. ब्रॉडगेजचे १,६७६ मिलिमीटर. हा फरक पैशांचा होता. रूळ जितके जवळ, तितके वळण आवळता येते. डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो, पूल अरुंद चालतो, भराव कमी लागतो. घाटातल्या विरळ वस्तीच्या मुलखात ब्रॉडगेजचा खर्च कोणत्याही कंपनीने केला नसता, तेव्हा छोटी लाइन नाही तर काहीच नाही, एवढाच पर्याय होता. त्याची किंमत गोंदियाच्या यार्डात दिसे. नैनपूरकडून लाकूड, बांबू, तेंदूपत्ता किंवा धान्य भरून आलेली छोटी वाघीण मोठ्या रुळांवर चालू शकत नाही. म्हणून एका फलाटाला छोटी, समोर मोठी, आणि मध्ये हमालांची रांग. पाठीवर पोते घ्यायचे, चार पावले टाकायची, दुसऱ्या वाघिणीत उतरवायचे. एका मालगाडीसाठी हे हजारो वेळा व्हायचे. प्रत्येक पोत्यामागे मजुरी, वेळ आणि थोडीफार नासधूस वाढायची, आणि ती शेवटी मंडल्याच्या शेतकऱ्याच्या भावातून कापली जायची. छोट्या लाइनच्या आठवणी काढणाऱ्यांनी ही हमालांची रांग विसरू नये.

ही छोटी लाइन आता ब्रॉडगेज झाली आहे. गेज बदलायला नको होते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. कालका-शिमला मार्ग याच ७६२ मिलिमीटरचा, आणि तोही १९०३ चाच. युनेस्कोने २००८ साली त्याला जागतिक वारशात घेतले. मग सातपुड्याची गाडी का मोडली, हा प्रश्न योग्य वाटतो. पण शिमल्याला गाडी सावकाश चढली तर प्रवासी खिडकीतून दरी बघतो. इथला प्रवासी बाजाराला, कचेरीत, दवाखान्यात किंवा कॉलेजात चाललेला असतो. त्याने इतरांच्या डोळ्यांच्या समाधानासाठी दिवसभर डब्यात बसावे, हा न्याय नव्हे. जतन करण्यासारखे होते ते नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात २००२ पासून आहे, नैनपूरलाही संग्रहालय झाले आहे. एखादा छोटा तुकडा चालू ठेवता आला असता तर बरे झाले असते, एवढे मी मान्य करतो. पण पूर्ण मार्ग तसाच ठेवा, ही मागणी बाहेरच्यांची होती.

खरी तक्रार गेज बदलण्याच्या रीतीबद्दल आहे. जबलपूर-गोंदिया प्रकल्प १९९६-९७ मध्ये मंजूर झाला. गोंदिया-बालाघाट तुकडा २००५ मध्ये मोठा झाला. जबलपूर-नैनपूर-बालाघाटची छोटी गाडी २०१५ मध्ये कायमची थांबली, आणि २२९ किलोमीटरचा सलग मार्ग पूर्ण व्हायला २०२१ उजाडले. बालाघाट-नैनपूरच्या जंगलातल्या परवानग्यांना वेळ लागला, हे खरे. तरीही लामट्याच्या माणसाचा हिशेब साधा आहे: जुनी गाडी गेली, नवी यायला पाच वर्षांहून अधिक लागली. मुंबईत एक लोकल रद्द झाली तर बातमी होते. इथे पाच वर्षे रूळ मोकळे राहिले.

या सगळ्याला एक राजकीय बाजूही आहे. ही लाइन टाकली तेव्हा जबलपूर, मंडला, बालाघाट, गोंदिया सगळे एकाच मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि गोंदिया-बालाघाटच्या मधली वाघ नदी राज्याची सीमा झाली. नदीच्या दोन्ही काठांवर पोवारी बोलली जाते, सोयरिकी होतात, भात पिकतो; पण वेळापत्रक दोन राजधान्यांच्या नजरेतून बघितले जाऊ लागले. २००३ मध्ये रेल्वेचे नवे विभाग झाले तेव्हा जबलपूर स्टेशन पश्चिम मध्य रेल्वेकडे राहिले आणि नैनपूरची लाइन बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळाकडे. जबलपुरात गाडीत बसलेला माणूस शहर सुटते न सुटते तोच दुसऱ्या रेल्वेच्या हद्दीत शिरतो. अशा मार्गाचे गाऱ्हाणे मांडायला कोणत्याच राज्याचा खासदार पुरेसा पडत नाही.

आता फायदा बघू. इटारसीमार्गे जबलपूर-नागपूर सुमारे ५४० किलोमीटर. गोंदियामार्गे सुमारे ३६०. दक्षिणेकडे जाताना नागपूरही टाळता येते, कारण गोंदियाहून वडसा, नागभीड, चांदाफोर्ट असा मार्ग बल्लारशाला मिळतो. जबलपूर-चांदाफोर्ट एक्स्प्रेस २०२१ पासून याच वाटेने पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत येते. ऑगस्ट २०२५ मध्ये रीवा-पुणे आणि जबलपूर-रायपूर गाड्याही या रुळांवर आल्या. पुण्यात शिकणाऱ्या बालाघाटच्या मुलीला आता घरून थेट गाडी आहे, हा बदल लहान नाही. यावर कोणी म्हणेल, तिलवाऱ्याचा रस्ता तर जेमतेम २७० किलोमीटर आहे, मग रेल्वेची एवढी मातब्बरी कशाला? नागपूरला जाणाऱ्यासाठी हा आक्षेप बिनतोड आहे. पण त्या रस्त्यावर घंसौर नाही, नैनपूर नाही, लामटा नाही. रस्त्याने दोन टोके जवळ आणली. मधल्यांना रेल्वेवाचून दुसरी दमदार सोय नाही.

आणि इथेच काळजी वाटते. मार्ग मोठा झाला की लांबच्या गाड्यांना तो सोयीचा होतो, आणि लांबच्या गाडीला छोटे स्टेशन म्हणजे वाया गेलेली मिनिटे. कोकणाने हे भोगले आहे. ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे १९९८ मध्ये पुरी झाली, कोकणच्या जमिनीतून गेली, आणि तेव्हापासून थांबा द्या, पॅसेंजर वाढवा, ही मागणी तिथे थांबलेली नाही. सावंतवाडी-दिवा पॅसेंजरची गर्दी ज्याने बघितली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. रेल्वेचे उत्तर असे की थांबे वाढवले तर गाडी रखडते आणि मार्गाची क्षमता घटते. बरोबर आहे. म्हणून एक्स्प्रेसला दहा थांबे मागणे हा उपाय नव्हेच. सगळीकडे थांबणारी वेगळी गाडी हवी, सकाळी शहराकडे नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी. तिचा तोटा एक्स्प्रेस आणि मालगाडीच्या उत्पन्नातून भरून काढणे हे सरकारी रेल्वेचे कामच आहे. बालाघाटचे मँगनीज आणि तांदूळ याच मुलखातून जातात.

दुसरा आक्षेप जंगलाचा, आणि तो हलका नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात, गोंदिया-बल्लारशा मार्गावर, वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मेले. बालाघाट-नैनपूरचा टापू कान्हा आणि पेंच यांना जोडणाऱ्या जंगलाचा आहे. छोट्या गाडीपुढून जनावर पळू शके. मोठ्या गाडीपुढून ते अवघड आहे. तिथे वेग कमी ठेवणे आणि जनावरांना रुळांखालून वाट करून देणे, यात तडजोड होता कामा नये. दहा मिनिटे उशीर प्रवाशाला परवडतो.

मधल्या गावांच्या गाडीचा हाच प्रश्न आता नागपूर-नागभीड मार्गावर उभा आहे. तिथली छोटी गाडी २०१९ मध्ये थांबली. तिथे मोठी गाडी सुरू होईल तेव्हा उद्घाटनाच्या फलकावर दोन टोकांची नावे असतील. जबलपूर, बालाघाट, गोंदिया आणि नागभीडच्या वाचकांना विनंती एवढीच: नवे वेळापत्रक हाती आले की आधी मधल्या स्टेशनांच्या ओळी बघा, आणि तिथे सकाळ-संध्याकाळची गाडी नसेल तर आपल्या खासदाराला लिहा.