फवारणी टाकीतील पातळी-ट्रान्समीटर : अंशशोधन आणि दोषनिदान

‘औषध फवारले, पण कीड मेली नाही’ ही तक्रार आली की आपला पहिला संशय किडीतील प्रतिकारक्षमतेवर जातो. मोठ्या टाकीत द्रावण तयार होत असेल, तर त्याआधी टाकीवरील पातळी-ट्रान्समीटर तपासावा. कीटकनाशक मापून घातले जाते. पाणी मात्र पडद्यावरील आकड्यावर विसंबून भरले जाते.

टाकीत सोडलेला दाब-संवेदक द्रवस्तंभाचा दाब मोजतो. एक मीटर पाण्याचा दाब सुमारे ९.८१ किलोपास्कल असतो. ट्रान्समीटर त्याचे रूपांतर ४ ते २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाहात करतो. दोन मीटर उंचीच्या उभ्या टाकीत रिकाम्या स्थितीला ४, एक मीटर पातळीला १२ आणि पूर्ण टाकीला २० मिलिअँपिअर मिळाले पाहिजेत.

अंशशोधन धुतलेल्या टाकीत, स्वच्छ पाण्यानेच करावे. वीजपुरवठा बंद करून मल्टिमीटर परिपथात एकसरीत जोडावा. खरी पातळी पाहण्यासाठी गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी टाकीच्या तळाशी जोडून बाहेरून उभी धरली तरी पुरते. प्रथम रिकाम्या टाकीला शून्य, नंतर पूर्ण टाकीला कमाल मूल्य बसवावे आणि शून्य पुन्हा पाहावे. जुन्या उपकरणांत एक बदलले की दुसरे किंचित सरकते. संवेदक तळापासून १० सेंटिमीटर वर टांगलेला असेल, तर ते अंतर शून्यबिंदूत धरावे लागते. शेवटी २५, ५० आणि ७५ टक्के पातळीला ८, १२ आणि १६ मिलिअँपिअर येतात का, हे टाकी भरताना व रिकामी करताना दोन्ही वेळा नोंदवावे.

या नोंदी दोषाचा पत्ता सांगतात. सर्व पातळ्यांना सारखीच चूक असेल, तर शून्य सरकले आहे. पातळीबरोबर चूक वाढत असेल, तर कमाल मूल्य चुकले आहे. भरताना एक आणि उपसताना दुसरे वाचन आले, तर संवेदकाच्या पडद्यावर भुकटीयुक्त औषधाचा गाळ साचल्याची शक्यता मोठी. तो मऊ ब्रशने आणि पाण्याने काढावा. टोकदार वस्तू कधीही लावू नये. प्रवाह शून्यच असेल, तर तुटलेली तार, उलटी जोडणी किंवा बंद पुरवठा शोधावा. प्रवाह बरोबर पण आकडा चूक असेल, तर दोष दर्शकाच्या मांडणीत आहे. आडव्या दंडगोल टाकीत हे नेहमी घडते : पाव उंचीला घनफळ पाव नव्हे, केवळ १९.६ टक्के असते.

एक दोष मात्र माझ्याच विषयातला आहे. या संवेदकाच्या केबलमध्ये बारीक श्वासनळी असते. वातावरणाचा दाब वजा व्हावा म्हणून ती जंक्शन बॉक्समध्ये उघडते. या बॉक्सच्या छिद्रात कुंभारीण मातीचे घर करते. हे हसण्यावारी नेऊ नये. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर अशाच एका गांधीलमाशीने विमानांच्या वेगमापक नळ्या बुजवल्याचे नोंदले गेले आहे. बॉक्समध्ये पूर्ण कोंडलेली हवा उन्हाने ३ अंश सेल्सिअसने तापली, तर तिचा दाब सुमारे १ टक्का, म्हणजे जवळपास १ किलोपास्कल वाढतो आणि पातळी प्रत्यक्षापेक्षा १० सेंटिमीटर कमी दिसते. एक चौरस मीटर तळाच्या टाकीत हे १०० लिटर झाले. हजार लिटरच्या मात्रेत कामगार आणखी १०० लिटर पाणी घालतो आणि द्रावण सुमारे ९ टक्के पातळ होते. अशा मात्रेतून वाचलेल्या अळ्या पाहून आपण औषध बदलण्याचा सल्ला देतो. दुपारी पातळी उतरते आणि रात्री, पाणी न घालताही, चढते अशी तक्रार असेल, तर आधी बॉक्स उघडावा.

खत-द्रावणाच्या टाकीत घनता विसरू नये. पाण्यावर अंशशोधन केलेला संवेदक १.१ सापेक्ष घनतेच्या द्रावणाची दोन मीटर पातळी २.२ मीटर दाखवेल. वरून बसवलेल्या अल्ट्रासोनिक ट्रान्समीटरला घनतेचा त्रास नाही, पण फेस त्याचा ध्वनी शोषतो. साबणयुक्त किंवा निमतेलाच्या द्रावणात वाचन अचानक हरवते, ते यामुळेच. फेस बसेपर्यंत थांबावे.

हंगामापूर्वी एकदा वरील पाच बिंदूंची तपासणी करावी आणि बॉक्सच्या छिद्रावर बारीक जाळी बसवावी. छिद्र टेपने मात्र बंद करू नये. कुंभारीण जे करते तेच त्याने होते.