प्रलयानंतरची अठ्ठावीस मिनिटे

जगबुडीची गोष्ट आपल्याला नवी नाही. मनूची नौका आणि ती ओढून नेणारा मासा तुम्ही लहानपणीच ऐकलेला असेल. त्या गोष्टीत सांगणाऱ्याचा सगळा रंग पाणी कसे चढत गेले हे सांगण्यात असतो. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मनूला कसे वाटले असेल, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. विसाव्या शतकातल्या चित्रपटवाल्यांनी मात्र नेमकी तीच चौकशी आरंभली. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले, आणि जग एका दिवसात संपू शकते ही गोष्ट नुसती पुराणातली राहिली नाही. मग संपल्यावर जी दोन-चार माणसे उरतील त्यांचे काय? या प्रश्नातून चित्रपटांचा एक निराळा प्रकारच उभा राहिला. त्यातल्या लघुपटांविषयी, आणि खरे म्हणजे एकाच लघुपटाविषयी, मला तुमच्याशी बोलायचे आहे.

शिक्षक मंडळींना कविसंकेत ठाऊक आहेत. चकोर चांदणे पिऊन जगतो असे कवीने म्हटले की आपण पुरावा मागत नाही. तसेच संकेत या चित्रपटांतही ठरून गेले आहेत. ओस पडलेला रस्ता. तळघरात लपलेली माणसे आणि त्यांच्यावर हुकमत गाजविणारा एखादा निर्दय इसम. तोंडावर विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा. जुन्या जगातली जपून ठेवलेली एखादी वस्तू, म्हणजे बाहुली म्हणा, फोटो म्हणा. लघुपटाला हे संकेत फार सोयीचे पडतात, कारण त्याच्याजवळ वेळ थोडा. युद्ध का झाले, कोणी केले, हे सांगत बसला तर त्यातच तो संपायचा! रिकामा रस्ता दाखविला की प्रेक्षक उरलेले समजून घेतो.

पण सोय झाली की आळस येतो. आज ज्याच्या हाती कॅमेरा येतो तो एखादी पडकी गिरणी गाठतो, मित्राला मुखवटा चढवितो, चित्राचा रंग करडा करतो, आणि झाला प्रलय! पडझड दिसते, पण काय गेले ते काही कळत नाही. गेल्याचे दुःख व्हायला आधी ते आपले वाटायला हवे ना?

क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाला हे नेमके उमगले होते. १९६२ साली तो पॅरिसमधल्या माणसांच्या मुलाखतींचा एक मोठा माहितीपट करीत होता. त्या कामाच्या सुट्टीच्या दिवसांत त्याने अठ्ठावीस मिनिटांचा एक लघुपट तयार केला, 'ला जते'. 'जते' म्हणजे धक्का, बंदराला असतो तसा. इथला धक्का मात्र पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरचा आहे. विमाने बघायला लोक तिथे येऊन उभे राहत. एका रविवारी एक लहान मुलगा तिथे एका बाईचा चेहरा पाहतो आणि एका माणसाला मरताना पाहतो. पुढे तिसरे महायुद्ध होते, पॅरिस नष्ट होते, उरलेली माणसे भुयारात राहू लागतात. मोठा झालेला तो मुलगा तिथे कैदी आहे. वर्तमानात जगण्याजोगे काही उरले नाही, म्हणून शास्त्रज्ञ त्याला भूतकाळात पाठवितात. त्यालाच का? तर त्या चेहऱ्याची आठवण त्याच्या मनात फार घट्ट बसलेली आहे म्हणून. शेवट मी सांगत नाही. तो ज्याचा त्याने पाहावा.

आता कारागिरी बघा. चित्रपट म्हणजे सेकंदाला चोवीस चित्रे, आणि ती भराभर सरकतात म्हणून माणूस चालताना दिसतो. मार्करने हे चालणेच काढून टाकले. त्याचा लघुपट स्थिर छायाचित्रांचा आहे. एक चित्र थांबते, विरत जाते, त्यातूनच दुसरे उमटते. त्यावर निवेदकाचा शांत आवाज. पात्रे आपसात बोलत नाहीत. भुयारात जर्मन भाषेतली कुजबुज ऐकू येते, प्रयोग चालू असताना छातीचे ठोके ऐकू येतात. रेडिओ ऐकणाऱ्या तुम्हाआम्हाला ही रीत परकी वाटू नये, कारण निम्मे चित्र आवाजच काढतो. शहराचा नाश तर दोन-चार वाक्यांत आणि काही चित्रांत उरकला आहे. मार्करला घाई आहे ती त्या बाईकडे जाण्याची.

युद्धानंतरच्या जगाला स्थिर चित्र शोभते, याचेही कारण आहे. घरातला कोणी गेल्यावर आपल्याकडे त्याचा फोटोच राहतो. त्याचे चालणे, हसता हसता मान वळविणे राहत नाही.

आमच्या कॉलेजात मी हा लघुपट मुलांना दाखविला. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मशीन अडकलं काय?" हशा झाला. मी म्हटले, बस खाली, बघत राहा. पुढे ती बाई झोपलेली असताना एकामागून एक चित्रे येतात. मान जरा वळलेली, हात जरा सरकलेला. बाहेर पक्ष्यांची किलबिल चढत जाते, चढत जाते, आणि ती डोळे उघडते. खरेच उघडते, पापण्या हलतात! सगळ्या लघुपटात चित्र हलते ते एवढेच, काही क्षण. लगेच पुन्हा भुयार, प्रयोग करणाऱ्या माणसाचा चेहरा. वर्गात कोणी बोलले नाही. फक्त तोच मागच्या बाकावरचा मुलगा हळूच म्हणाला, "हलली ती." जग गेले म्हणजे काय गेले, हे त्याला कळले होते. एका बाईचे सकाळी जागे होणे गेले. ढिगाऱ्यांची शंभर चित्रे दाखवून मला हे त्याला सांगता आले नसते.

याच्या अगदी उलट वाटही आहे. इंग्लंडात पीटर वॉटकिन्स याने १९६५ साली बीबीसीसाठी 'द वॉर गेम' केला, पाऊण तासाहून किंचित मोठा. त्यात केंट परगण्यावर अणुबॉम्ब पडल्यावर काय होईल ते बातमीपटाच्या धाटणीने दाखविले आहे. हातात धरलेला, हिसके खाणारा कॅमेरा, नटांऐवजी साधी माणसे, मुलाखती. निवेदक थंडपणे सांगतो की असे घडू शकेल. तो इतका खरा वाटला की बीबीसीने प्रक्षेपणच थांबविले. दूरचित्रवाणीवर तो दिसायला १९८५ साल उजाडले. मधल्या काळात त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि गंमत म्हणजे माहितीपटाचे! न घडलेल्या गोष्टीचा माहितीपट. या पद्धतीची ताकद मी नाकारीत नाही. पण भीतीने माणूस तोंड फिरवितो असा माझा अनुभव आहे, आणि 'ला जते' पाहताना कोणी तोंड फिरविलेले मला आठवत नाही.

शिक्षकांना एक सुचवितो. मार्करच्या रीतीला खर्च थोडा लागतो. गावातली बारा-पंधरा छायाचित्रे घ्या. पाणवठा, शाळेची घंटा, रिकामा पार. बरा आवाज असलेल्या एका मुलाला निवेदन वाचू द्या, आणि गाव का ओस पडले ते दोन वाक्यांहून अधिक सांगू देऊ नका. उरलेला वेळ कोणाची तरी आठवण काढण्यात जाऊ द्या. हलते चित्र एकच ठेवायचे. ते कोणते, यावर मुले भांडतील. भांडू द्यावीत. पक्ष्यांचा आवाज टिपायला मात्र पहाटे उठावे लागेल.