सॅक्सोफोनची सत्तावीस आवर्तने

काही वर्षांपूर्वीची प्रजासत्ताक दिनाची सकाळ. ध्वजवंदन झाले, भाषणे झाली आणि नववीतील एक मुलगा सॅक्सोफोन घेऊन पुढे आला. त्याचे वडील लग्नाच्या वरातींत वाजविणाऱ्या बँडमध्ये होते, वाद्य त्यांचेच. एक सर्वपरिचित देशभक्तिपर गीत त्याने वाजवावयाचे ठरले होते. ध्रुवपद आणि पहिले कडवे त्याने चालीबरहुकूम वाजविले. दुसऱ्या कडव्यात मात्र त्याने चाल सोडली. सूर वर चढले, वळले, भलतीकडेच निघाले. आता हा चुकला असे वाटत असतानाच ध्रुवपदाच्या पहिल्या अक्षरावर तो अचूक येऊन उभा राहिला. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी मात्र कार्यक्रमानंतर त्याला खोलीत बोलावून ‘शिकविले तेवढेच वाजवावे’ अशी समज दिली. तो मान खाली घालून म्हणाला, “सर, घूम को वापस आया ना मैं, उसीच जगा पे.”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत मी त्याचे नाव घेतले नाही, आणि दहावीनंतर तो शाळेतून निघून गेला. त्याने त्या सकाळी जे केले, ती जॅझ संगीतातील एक अत्यंत अवघड आणि मानाची कला आहे, हे मला पुढे वाचून व ऐकून उमगले. त्या कलेविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

सॅक्सोफोन आपल्याकडे वरातींतून आणि चित्रपटगीतांतून घरोघर पोहोचला आहे. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने हे वाद्य घडविले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे एकस्व मिळविले. त्याचे अंग पितळेचे, परंतु तोंडाशी बोरूसारख्या वनस्पतीची एक पातळ पट्टी असते. वादकाच्या श्वासाने ती थरथरते आणि नळीतील हवा बोलू लागते. ओठांचा दाब किंचित सैल केला की सूर खाली ओघळतो, आवळला की वर सरकतो. म्हणजे काही अंशी मींडही त्यातून निघते. शिवाय दम संपला की वाक्य संपते. पेटीवाल्याला ही मर्यादा नाही, गवयाला आहे. सॅक्सोफोन गवयाच्या इतका जवळ वाटतो, त्याचे एक कारण हेच असावे. लष्करी बँडसाठी निर्माण झालेले हे वाद्य विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांच्या हाती आले आणि तेथे त्याला खरा कंठ फुटला.

जॅझमधील वादक रंगमंचावर उभा राहतो तेव्हा पुढच्या पाच मिनिटांत आपण नेमके काय वाजविणार, हे त्यालाही ठाऊक नसते. त्यामुळे हा सारा स्वैर कारभार आहे, असा आपला सहज समज होतो. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. ‘ब्लूज’ हा जॅझचा जुना साचा पाहा. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड मिळून एक आवर्तन होते. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, आपल्या त्रितालाची बरोबर तीन आवर्तने. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज आरंभापासून अखेरपर्यंत अढळ असतो. तेथे पायाखालची भूमीच सरकत असते. पहिले चार खंड षड्जावर उभारलेल्या स्वरसमूहाचे, पुढचे दोन मध्यमावरचे, दोन पुन्हा षड्जाचे, नववा पंचमाचा, दहावा बहुधा मध्यमाचा आणि शेवटचे दोन परत षड्जाचे. पियानो, बास आणि ड्रम्स वाजविणारे साथीदार हे चक्र अखंड फिरवीत ठेवतात. सॅक्सोफोनवाला काहीही वाजवो, पण आपण कोणत्या खंडात आहोत आणि पुढची पायरी कोठे आहे, याचे भान त्याला क्षणभरही सोडता येत नाही. ग्वाल्हेरच्या गायकीत ‘आवर्तन भरणे’ असा सुरेख शब्दप्रयोग आहे. जॅझचा वादक करतो ते अगदी हेच. रिकामे आवर्तन त्याच्यासमोर येते आणि ते त्याला भरावयाचे असते.

ही कला प्रत्यक्ष मैफलीत केवढी उंची गाठू शकते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ७ जुलै १९५६ ची रात्र, अमेरिकेतील न्यूपोर्ट गावचा जॅझ महोत्सव. ड्यूक एलिंग्टन हे थोर संगीतकार आपला वाद्यवृंद घेऊन बसले होते. त्यांचा वैभवाचा काळ ओसरला, असे त्या दिवसांत बोलले जात असे. त्यांनी १९३७ साली रचलेली, दोन भागांची एक जुनी ब्लूज रचना काढली आणि दोन भागांमधली मोकळी जागा पॉल गोन्साल्विस या सॅक्सोफोनवादकाच्या स्वाधीन केली. गोन्साल्विस उभे राहिले आणि त्यांनी एकामागून एक सत्तावीस आवर्तने भरली. खंडांच्या हिशेबाने तीनशे चोवीस! मंचाच्या कडेशी जो जोन्स हे नामांकित ड्रमवादक श्रोता म्हणून होते. ते वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिनेच ठेका धरू लागले. श्रोत्यांतील एक स्त्री उठून नाचू लागली आणि पाहता पाहता सारा समुदाय पायांवर उभा राहिला. महिना-दीड महिन्यातच एलिंग्टन यांचे चित्र ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले.

त्या वादनाचे ध्वनिमुद्रण ऐकताना एक गोष्ट विशेष जाणवते. त्यात चमत्कृती फारशी नाही. एक लहानसा स्वरसमूह घ्यावयाचा, तो उलटसुलट करून पाहावयाचा, पुढच्या आवर्तनात त्याचेच शेपूट धरून नवे वाक्य सुरू करावयाचे. एखादा कीर्तनकार अभंगाच्या एका चरणाला धरून श्रोत्यांना दूरवर फिरवून आणतो आणि पुन्हा त्याच चरणावर आणून सोडतो, तशी ही रीत. आणखी एक गंमत अशी की, त्या रात्री गोन्साल्विस चुकून भलत्याच मायक्रोफोनसमोर उभे राहिले. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीच्या फितीवर त्यांचे वादन अस्पष्ट उमटले. ते ज्या मायक्रोफोनसमोर वाजवीत होते तो नभोवाणीचा होता. दोन्ही फितींचा मेळ घालून संपूर्ण मैफल प्रकाशित व्हावयास १९९९ साल उजाडले. उत्स्फूर्त कलेचे हे दुखणेच आहे. तो क्षण हुकला की तो पुन्हा घडविता येत नाही.

हे सारे दूरदेशीचे, असे वाचकांनी मानू नये. १९६३ साली अमेरिकन सरकारच्या वतीने एलिंग्टन यांचा वाद्यवृंद पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर निघाला. भारतातील त्याच्या मुक्कामांत दिल्ली, मद्रास, मुंबई आणि कलकत्ता यांच्याबरोबर आपले हैदराबादही होते, आणि त्या वृंदात पॉल गोन्साल्विसही होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि तो दौरा अर्ध्यावरच थांबला. बडे गुलाम अली खाँसाहेबांनी १९६८ साली ज्या नगरीत अखेरचा श्वास घेतला, त्याच नगरीत अवघी पाच वर्षे आधी हे सूर येऊन गेले होते, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

गोन्साल्विस हे आडनाव आपल्या कानांना परके नाही. पॉल यांचे आईवडील पोर्तुगालच्या सत्तेखालील केप व्हर्डी बेटांचे, तर गोवाही १९६१ पर्यंत त्याच सत्तेखाली होता. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या शिदोरीवर असंख्य गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. त्यांपैकी नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर भारतीय राग आणि जॅझ यांची सांगड घालण्याचा ध्यास घेतला. चित्रपटांत मात्र उत्स्फूर्ततेला जागा थोडी. तेथे कागदावर लिहिलेले सूर ठरलेल्या सेकंदांत बसवावे लागत. तरीही ‘आराधना’ (१९६९) मधील पावसाळी रात्रीच्या त्या गीतात मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ज्यांनी ऐकला आहे, त्यांना चार खंडांच्या अवकाशातही वादकाचा श्वास कसा ओळखू येतो, हे सांगावयास नको.

१९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. त्याला आलेल्या सॉनी रोलिन्स यांची कथा आपल्या घराण्यांच्या कथांत शोभावी अशी आहे. ऐन कीर्तीच्या काळात, १९५९ मध्ये, त्यांनी मैफली बंद केल्या. आपले वादन आपल्यालाच अपुरे वाटते, हे त्याचे कारण. न्यूयॉर्कच्या घरात शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हा मनुष्य विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन् तास रियाज करी. दोन वर्षांनी ते परतले आणि १९६२ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, तिचे नावच ‘द ब्रिज’. पुढे काही महिने ते मुंबईत पवईच्या आश्रमातही राहून गेले. आयत्या वेळी सुचणाऱ्या सुरांच्या मागे असा न दिसणारा रियाज असतो. ज्याची बैठक पक्की नाही, त्याला उपज सुचत नाही. सुचली तरी ती समेवर आणता येत नाही.

दक्षिणेत कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी उलट दिशेने हीच वाट चालली. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये त्यांनी हे वाद्य प्रथम ऐकले, आणि कर्नाटक संगीताच्या गमकांसाठी त्याच्या रचनेत फेरबदल करून ते त्यागराजांच्या कृतींना सिद्ध केले. १९८० च्या ‘जॅझ यात्रे’त जॉन हँडी या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाबरोबर ते एकाच मंचावर वाजविते झाले. एकाचा षड्ज अचल, दुसऱ्याची भूमी सरकती. तरी भाषा जुळली, कारण आवर्तन भरण्याचे व्यसन दोघांनाही सारखेच.

आपण पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणारी मंडळी जपणुकीच्या बाबतीत फार दक्ष असतो. आरत्या त्याच चालीत, श्लोक त्याच उच्चारांत, सणवार त्याच क्रमाने. ही दक्षता योग्यच आहे. पाठ केल्यावाचून काही टिकत नाही, आणि पुलावरचे रोलिन्सही पाठच करीत होते. परंतु पाठांतर पक्के झालेले पोर एखाद दिवशी चाल सोडून निघाले, तर त्याला अडविण्यापूर्वी ते कोठे परतते, एवढे पाहण्याइतका धीर वडीलधाऱ्यांनी ठेवावा. मला त्या सकाळी तो ठेवता आला नाही.

तो मुलगा आता कोठे आहे, मला ठाऊक नाही. लग्नसराईत रस्त्याने वरात चालली आणि बँडमधून सॅक्सोफोनचा सूर आला की मी अजूनही थांबतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत वाट पाहतो.