किड्यांची तालीम आणि आपली तिजारत

मालेगावच्या एका यंत्रमागवाल्या दोस्ताची मुलगी बारावी सायन्स पास झाली. डॉक्टरकीला नंबर लागला नाही. आता तिला कीटकशास्त्र शिकायचे आहे. हे ऐकून घरात हशा पिकला. झुरळे पकडून पोट भरणार का? मीही हसलो. रात्री दुकान बंद करताना विचार केला, आणि हसू गेले.

येवल्याची पैठणी आपण विकतो. तिचे रेशीम म्हणजे तुतीचा पाला खाणाऱ्या अळीची लाळच म्हणा ना! एका कोषातून सुमारे एक हजार मीटर धागा निघतो, आणि हा माल बहुतेक कर्नाटकातून येतो. सुताचीही तीच गोष्ट. 2002 साली बीटी कपाशी आली, बोंडअळी गेली असे सर्वांनी धरले. 2017 साली गुलाबी बोंडअळीने त्याच कपाशीची बोंडे पोखरली. अशा अळ्यांचा अभ्यास नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत होतो. आणि गोदामातल्या शालींना कसर लागते, तिच्यावर डांबरगोळ्यांपलीकडे आपल्याला काय ठाऊक आहे?

रस्ता असा आहे. बारावी सायन्सनंतर सीईटी, मग बी.एस्सी. कृषी, चार वर्षे. आपला जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे येतो. कीटकशास्त्र हा खास विषय पुढे एम.एस्सी.ला, आणखी दोन वर्षे. प्राणिशास्त्राची पदवी घेऊनही या विषयात जाता येते.

नोकऱ्या म्हणाल तर द्राक्षबागांचे सल्लागार, औषध व बियाणे कंपन्या, रेशीम खाते, बंदरावरची माल-तपासणी, हिवताप-डेंग्यूचे काम. निफाड-दिंडोरीची द्राक्षे युरोपात जातात, तिथे औषधाचा अंश जास्त निघाला की कंटेनर अडकतो. म्हणून कोणत्या किडीवर काय आणि कधी फवारायचे, हे सांगणाऱ्याला मोल आहे.

धंदेवाल्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी. कीटकनाशक विक्रीच्या नव्या परवान्याला आता कृषी किंवा विज्ञानाची पदवी, निदान कृषी डिप्लोमा लागतो. गोदामांत धुरी देण्याच्या धंद्यालाही पदवी आणि मान्य संस्थेचे प्रशिक्षण हवे. नुसत्या भांडवलावर हे दुकान उघडत नाही.

दोस्ताचा मोठा सवाल मुलीच्या राहण्याचा आहे. येत्या जुम्म्यानंतर आम्ही दोघे राहुरीचे वसतिगृह पाहायला जाणार आहोत.