स्वयंपाकघरांतून ग्रंथालयांत

काव्याची पोथी बासनांत बांधून ठेवतात. पाकशास्त्राचें पुस्तक मात्र चुलीपाशीं जातें. तेथें त्यावर तुपाचे डाग पडतात, ओल्या हातांनीं पानें उलटलीं जातात, शिवण सुटते, आणि एके दिवशीं उरलेलीं पानें पुड्या बांधण्याच्या कामीं येतात. हजारोंनीं खपलेलें पुस्तक शंभर वर्षांनीं दुर्मिळ व्हावें, याचें कारण हेंच. जें अधिक उपयोगीं पडलें, तेंच आधीं नाहींसें झालें.

तें वांचवितो संग्राहक. एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल ही अमेरिकन लेखिका लंडनमध्यें राहून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘पॉल मॉल गॅझेट’ या वृत्तपत्रांत भोजनविषयक लेख लिहीत असे. लेखनाच्या आधारासाठीं जमविलेलीं जुनीं पुस्तकें तिच्या छंदाचा विषय झालीं, व 1903 सालीं तिनें आपल्या संग्रहावरच एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील 433 पुस्तकें आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें आहेत.

अशा संग्राहकांना निरनिराळ्या आवृत्त्यांचा एवढा सोस कां, हें एका उदाहरणानें कळेल. 1747 सालीं लंडनमध्यें ‘दि आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी’ हें पुस्तक निघालें. त्यावर लेखिकेचें नांव नव्हतें. ‘एका स्त्रीनें लिहिलेलें’ एवढाच उल्लेख होता. पुस्तक अतोनात खपलें. तरी तिचें, म्हणजे हॅना ग्लास हिचें, 1754 सालीं दिवाळें निघालें व पुस्तकाचे हक्क विकावे लागले. पुढें तर हें पुस्तक डॉक्टर जॉन हिल याचेंच, अशी वदंता उठली. 1778 सालीं डॉक्टर जॉन्सन याच्यासमोरही ती निघाली होती. (स्वयंपाक स्त्रियांनीं करावा, ग्रंथ मात्र पुरुषानें लिहावा, ही समजूत तिकडेही होतीच!) हॅनाची ओळख निश्चितपणें पटली ती 1938 सालीं, मॅडेलीन होप डॉड्स या संशोधिकेमुळें.

या पुस्तकांत हिंदुस्थानी पद्धतीच्या ‘करी’ची कृति आहे. पहिल्या आवृत्तींत मसाला म्हणून केवळ मिरीं आणि भाजलेले धने. हळद व सुंठ मागाहूनच्या आवृत्त्यांत आलीं. इंग्रजांच्या जिभेला हिंदुस्थानची चव कसकशी लागत गेली, याचा हा छापील पुरावा होय. शेवटचीच आवृत्ति जपली गेली असती, तर तो उरला नसता.

मराठींत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ 1875 सालचें, तर लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 सालचें. अशा जुन्या पुस्तकाच्या समासांत एखाद्या गृहिणीनें पेन्सिलीनें मिठाचें प्रमाण बदललेलें असतें. मागच्या कोऱ्या पानावर माहेरच्या लोणच्याची कृति लिहिलेली असते. बाजारांत स्वच्छ प्रतीला किंमत अधिक येते, हें खरें. परंतु त्या घरांत प्रत्यक्ष काय शिजत होतें, हें डाग पडलेली प्रतच सांगते. म्हणून ती पुनः बांधावयास देतांना कडा कापूं नयेत, असें बजावून सांगावें; नाहींतर समासांतलीं टिपणें कडांबरोबर जातात. मुखपृष्ठ गेलेली प्रतही टाकूं नये. दुसऱ्या प्रतीशीं पानें ताडून पाहिलीं, कीं तिची आवृत्ति बहुधा ओळखतां येते. आणि पूर्वीच्या मालकिणीचें नांव वा गांव माहीत असल्यास तें चिठ्ठीवर लिहून पुस्तकांतच ठेवावें.