दार किती वेळा ठोठावता येते?

घरातल्या माणसाला शिक्षा झाली की "वरच्या कोर्टात जाऊ" असे आपण म्हणतो. जावेच. पण वर किती वेळा जायचे याची गणती कायद्याने ठरवून दिली आहे, आणि आपल्या वस्त्यांतून ती फारशी कुणाला ठाऊक नसते.

सत्र न्यायालयानंतर उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. तिथेही हरलो तर निकालापासून ३० दिवसांत फेरविचार अर्ज. तो एकदाच, दुसरा चालत नाही. न्यायमूर्ती तो बहुधा आपल्या दालनात कागदावरूनच निकालात काढतात. २००२ सालापासून 'क्युरेटिव्ह' अर्जाची आणखी एक फट आहे, पण तिला ज्येष्ठ वकिलाचा दाखला लागतो.

खटले कधीतरी संपावेत हे आम्हांलाही पटते. ज्यांची माणसे मारली गेली त्यांनी तरी कोर्टाच्या पायऱ्या किती झिजवायच्या?

पण आपल्याच महाराष्ट्रातले हे प्रकरण पाहा. २००३ साली एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. भटक्या समाजातले सहा गरीब लोक पकडले गेले. नाशिकच्या न्यायालयाने २००६ साली साऱ्यांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. फेरविचार अर्जही फेटाळला गेला. गणती संपली!

मग २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ठरवले की फाशीच्या कैद्याचा फेरविचार अर्ज तीन न्यायमूर्तींनी उघड न्यायालयात ऐकावा, आणि आधी फेटाळलेल्यांनाही पुन्हा संधी द्यावी. त्या वाटेने हा खटला पुन्हा उघडला. तेव्हा दिसले की वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांना कुणी हातही लावला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितले. सोळा वर्षांचे पाच लाख!

यातला एक पेच आमच्या मनातून जात नाही. उच्च न्यायालयाने ज्या तिघांवर दया केली, त्यांची जन्मठेप तशीच राहिली असती तर? उघड सुनावणीचा हा हक्क फाशीवाल्यांचा आहे, जन्मठेपेवाल्यांचा नाही.

कैदेतल्या माणसाला मिळकत न विचारता मोफत वकील मिळतो. अर्ज तुरुंग अधीक्षकांमार्फत विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. भेटीला जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा.